ह्यात माझ्या शेळ्या कुठायत?

*सर, नमस्कार. मी माण तालुक्यातल्या एका वस्तीवरच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवते. पहिली ते चौथी, पट २७, शिक्षक आम्ही दोघं. चित्रकलेचा तास माझ्याकडे आहे, पण माझं स्वतःचं चित्र यथातथाच. मी फळ्यावर काढते, मुलं बघून उतरवतात. ‘तुमच्या आवडीचं काढा’ म्हटलं की सत्तावीस कागदांवर एकच चित्र येतं : दोन डोंगर, मधे सूर्य, नदी, झोपडी, नारळाचं झाड. गेल्या महिन्यात केंद्राची, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाची, स्पर्धा होती. दुसरीतल्या एका मुलीनं घर आणि सात शेळ्या काढल्या होत्या. शेळ्या घराच्या वर, आकाशात, ओळीनं. असं कसं पाठवायचं म्हणून मी खोडून नीट केलं, डोंगर-झाडं घातली, रंगही थोडे मीच भरले. तिसरा नंबर आला. चित्र परत आल्यावर ती म्हणाली, ‘बाई, ह्यात माझ्या शेळ्या कुठायत?’ तेव्हापासून चित्रकलेच्या तासाला ती कागद कोराच ठेवते. आणखी एक मुलगा सगळं काळ्या रंगानंच काढतो. साहित्याला पैसे नाहीत. शाळेच्या भिंतीवर मुलांकडून वारली काढून घ्या, असं वरून सुचवलंय. मला चित्र येत नसताना मी ते शिकवू तरी कशी?*
*– एक शिक्षिका, जि. सातारा*

ताई,

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचं उत्तर तुम्हाला आवडेल. चित्र न येणाऱ्या शिक्षकाला एक मोठा फायदा असतो. त्याचा हात मुलाच्या कागदाकडे कमी वळतो. मी ए.टी.डी. (चित्रकला शिक्षकाची पदविका) केलेला ड्रॉइंग मास्तर. एकतीस वर्षं माध्यमिक शाळेत काढली. माझा हात चांगला होता आणि त्या चांगल्या हातानं मी किती मुलांची चित्रं बिघडवली त्याची गणती नाही. स्पर्धेच्या आदल्या दिवशी मुलं घरी गेली की मी ब्रश घेऊन बसायचो. इथे जरा सावली, तिथे जरा हायलाइट, नाक थोडं सरळ. शाळेला ढाली मिळायच्या. पाचवीतला एक मुलगा एकदा बक्षीस घ्यायला उठलाच नाही, कारण पुकारलेलं चित्र आपलं आहे हे त्याला ओळखूच आलं नव्हतं. सगळे हसले, मीही हसलो. ते हसू आज आठवलं की कसंनुसं होतं. म्हणून तुमच्या पत्रावर तुम्हाला बोल लावायला माझी जीभ उचलत नाही.

पण त्या शेळ्यांबद्दल बोलू या, कारण तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट त्याच आहेत.

त्या शेळ्या आकाशात नव्हत्याच. त्या घराच्या मागे होत्या. गोठा घरामागे असेल, किंवा मागच्या माळावर त्या चरत असतील. सात वर्षांच्या पोरीपुढचा पेच असा : कागद सपाट, आणि ‘मागे’ तर दाखवायचंय. मग मागचं ते वर. आपल्या जुन्या लघुचित्रांतही तेच केलेलं दिसतं. पुढचा घोडेस्वार खाली, मागचा त्याच्या वर, त्यामागचा आणखी वर. तिथे आपण त्याला शैली म्हणतो आणि दुसरीच्या वर्गात चूक म्हणतो! शिवाय तिनं शेळ्या ओळीनं काढल्या, म्हणजे त्यांच्या पायाखाली जमीन धरली होती. तुम्हाला ती रेघ दिसली नाही इतकंच. व्हिक्टर लोवेनफेल्ड नावाच्या कलाशिक्षणाच्या अभ्यासकानं १९४७ साली मुलांच्या चित्रांच्या पायऱ्या मांडल्या. त्यात साधारण सात ते नऊ या वयाची मोठी खूण म्हणून त्यानं हीच जमिनीची रेघ सांगितली आहे. कधी एकाच कागदावर अशा दोन रेघा येतात, एकीवर घर आणि दुसरीवर शेळ्या. त्याच वयात घराच्या भिंतीतून आतली चूल दिसते, पोटातलं बाळ दिसतं. विहिरीभोवतीची झाडं चारी बाजूंना आडवी पडलेली दिसतात, कारण मूल मनानं विहिरीभोवती फिरून ती काढतं. आजी घरापेक्षा उंच असते, कारण ती आजी असते. यातलं काहीही दुरुस्त करायचं नसतं. वय पुढे सरकलं की हे आपोआप मागे पडतं, आणि तुम्ही घाईनं मागे पाडलंत तर मूल चित्रच सोडून देतं. कोरा कागद तुम्ही पाहिलाच आहे.

आणि ती शेळ्या मोजून सात काढते, हे तुमच्या लक्षात आलं का? ‘खूप’ नाहीत, सात. तिला त्या नावानिशी माहीत असणार.

आता नारळ. ताई, म्हसवड-दहिवडीच्या पट्ट्यात मी फिरलोय. बाभळी पाहिल्या, बोरी पाहिल्या, लिंब, डाळिंबाच्या बागा, उन्हात एकमेकींच्या पोटाखाली डोकं घालून उभ्या मेंढ्या पाहिल्या. माणगंगेत वाळू पाहिली. तिथल्या पोरांच्या कागदावर दुथडी नदी आणि नारळाचं झाड येतं कुठून? आपल्याकडून येतं. आपण फळ्यावर काढतो, आपल्याला आपल्या बाईंनी काढून दाखवलेलं असतं, थोरली बहीण वहीत काढते, धाकटा उतरवतो. ते चित्र म्हणून काढलेलंच नसतं. ‘ग’ गिरवावा तसं ते गिरवलेलं असतं. हात न अडखळता पाच मिनिटांत होतं आणि कोणी हसत नाही, म्हणून मुलांना ते प्रिय. त्यावर बंदी घालू नका. बंदी घातली की ते वहीच्या शेवटच्या पानावर जातं आणि तिथे दुप्पट वाढतं. काढू द्या, आणि मग कागद उलटायला सांगा.

उलट्या बाजूला काय काढायचं ते मात्र तुम्ही ठरवायचं. ‘आवडीचं काढा’ हा विषय नव्हे. ‘पावसाळा’, ‘माझं गाव’ हेसुद्धा विषय नव्हेत, ती निबंधाची शीर्षकं आहेत. विषय इतका लहान हवा की त्यात नारळाला शिरायला जागाच उरू नये. ‘टँकर आला तेव्हा.’ ‘आमच्या मागच्या दारातून काय दिसतं.’ ‘आई भाकरी थापते.’ ‘दात पडला.’ आणि कागद वाटण्याआधी दहा मिनिटं नुसत्या गप्पा. टँकरचं घ्या. कोणत्या बाजूनं आला? आधी दिसला की आधी ऐकू आला? पाइप कुणी धरला? तुझी घागर कितवी होती? घागर डोक्यावर घेतल्यावर मान कशी होते, करून दाखव. दुसऱ्या हातानं काय धरतेस? एकीला पुढे बोलवा, तिच्या डोक्यावर दप्तर ठेवा, बाकीच्यांना तिच्या कोपराकडे बघायला सांगा. या सगळ्यात तुम्हाला एक रेघही काढायला लागत नाही. गप्पांचा आवाज टिपेला पोचला की कागद वाटा आणि गप्प बसा. हे गप्प बसणं फार अवघड आहे, मला कधीच नीट जमलं नाही.

‘बाई, मला शेळी येत नाही, काढून द्या ना,’ असं कोणी म्हणालं तर? काढून देऊ नका. अगदी गयावया केली तरी नाही. विचारा : शेळी बसताना आधी कुठले पाय मुडपते? सांगता येणार नाही तुम्हाला, मलाही येत नव्हतं. पोरांना येतं. आधी पुढचे गुडघे टेकते, आणि उठताना मागचा भाग आधी वर येतो. कान उभे की पडलेले? शेपूट वर की खाली? दोनचार प्रश्न झाले की पोरगं आपण होऊन खाली बघायला लागतं. अगदीच काही दाखवायची वेळ आली तर वेगळ्या पाठकोऱ्या कागदावर दाखवा आणि तो लगेच चुरगाळून खिशात घाला. त्यांच्या कागदाला बोट लावायचं नाही. रबरही टेबलावर ठेवू नका. चुकलेल्या रेघेशेजारी दुसरी रेघ चालते.

चौथीचं मात्र वेगळं आहे, आणि एका खोलीत चार इयत्ता असल्या की हे विसरायला होतं. नऊदहा वर्षांच्या मुलाला स्वतःलाच आपलं चित्र खोटं वाटायला लागतं. ‘खऱ्यासारखं’ हवं असतं. त्याला नुसतं ‘छान, छान’ म्हणून भागत नाही, ते त्याला कळतं आणि त्याचा रागही येतो. त्याला एखादी खरी गोष्ट शिकवा. पुढची वस्तू मागचीला झाकते, एवढी एक गोष्ट वर्षभर पुरते. पाण्याचा तांब्या आणि त्यामागे भाकरीचा डबा ठेवा, डबा जेवढा दिसतो तेवढाच काढायला सांगा. पहिलीच्या पोरांना तोच तांब्या दिलात तर ती तांब्याही पूर्ण काढतील, डबाही पूर्ण काढतील आणि आतली भाकरीसुद्धा काढतील. काढू द्या.

पैशांचं. रंगपेट्यांसाठी देणगीदार शोधत बसू नका, निदान या वर्षी नको. चुलीतला कोळसा घ्या, गेरू घ्या, हळद घ्या. आणि तुमच्या दारातच बाभळी आहेत. जलरंगाच्या वड्या बांधायला जो डिंक वापरतात तो बाभळीच्याच कुळातल्या झाडाचा असतो, हे मला नोकरीच्या विसाव्या वर्षी कळलं. तोवर मी बाटल्या विकत आणत होतो. पोरांना डिंक गोळा करायला लावा, रात्रभर पाण्यात भिजवा, फडक्यानं गाळा, त्यात वस्त्रगाळ गेरू कालवा. झाला रंग, कागदावरून झडत नाही. कोळसा पाट्यावर वाटून तसाच. हळदीचा पिवळा सुरेख येतो, पण उन्हात उडतो, म्हणून ते चित्र खिडकीत टांगायचं नाही. हळदीत चिमूटभर चुना घातला की लाल होते, तुम्ही घरात पाहिलं असेल. ते मुलांसमोर जरूर करा, पण चुन्याला हात तुमचाच लावा, डोळ्यात गेला तर इजा होते. ब्रशचं म्हणाल तर लिंबाची काडी दातणासारखी चावली की झाला. डिंकाऐवजी खळ चालते, वाटीभर पीठ आणि चारपाच वाट्या पाणी, चमकदार होईपर्यंत शिजवायचं. दोन दिवसांत आंबते, तेवढीच करा. मात्र टिकावी म्हणून तिच्यात मोरचूद घालायची जुनी खोड काही जणांना असते, तसलं मुलांच्या हातात अजिबात द्यायचं नाही. ते विष आहे.

कागद मोठा हवा. वहीच्या पानावर सात शेळ्या मावत नाहीत. जुनी वर्तमानपत्रं चालतात, छापील मजकुरावर कोळसा आणि गेरू छान उठून दिसतात. लग्नपत्रिकांची पाठ, सिमेंटच्या पिशवीचा आतला खाकी कागद झटकून पुसून घेतला तर तोही. मेणखडू असतील तर त्यांचं वेष्टण सोलून टाका आणि मोडा. आडवा फिरवला की तोच तुकडा पट्टा ओढतो, उभ्यानं रेघ. आणि उन्हाळ्यात पाण्याचं काम काढूच नका. जिथे प्यायचं पाणी टँकरनं येतं तिथे ब्रश धुवायला बादली मागणं बरं दिसत नाही. रंग श्रावणात, कोळसा चैत्रात.

मातीचं काम मात्र अवश्य करा. तुमच्याकडे आषाढात बेंदूर येतो. पोरं घरी मातीचे बैल करतात, तुम्ही फक्त ते शाळेत आणा. ओढ्याकाठची चिकण माती आणून खडे वेचायचे, दोन दिवस भिजत घालायची, मग पोरांना तुडवायला द्यायची (हा तास कधीच कोणी चुकवत नाही). एक युक्ती सांगतो. पाय वेगळे करून चिकटवू देऊ नका. माती वाळताना आक्रसते, आणि धड एका चालीनं, पाय दुसऱ्या चालीनं वाळले की सांध्याला चीर जाऊन पाय गळतो. दुसऱ्या दिवशी लंगडा बैल बघून पहिलीतलं पोर जे रडतं ते शाळा सुटेपर्यंत थांबत नाही. एकाच गोळ्यातून पाय ओढून काढायचे, जाड, आखूड, खांबासारखे. शिंगं चिकटवावीच लागली तर दोन्हीकडे काडीनं खरवडायचं आणि मधे पातळ गारा लावायचा. सावलीत वाळवायचं, उन्हात नाही. मग गेरू. कोणाचा बैल कुत्र्यासारखा दिसला तर दिसू दे, त्याला बैल म्हणूनच ओळख द्यायची. त्याच्या धन्यानं तो बैल म्हणून घडवलाय.

काळ्या रंगाच्या मुलाबद्दल फार खोलात जाऊ नका. हल्ली मुलानं काळा खडू उचलला की मोठी माणसं त्याच्या मनात डोकावायला निघतात. बहुतेक वेळा कारण साधं असतं : काळा ठळक उमटतो, पिवळा दिसतच नाही. किंवा पेटीतला तोच एक धड उरलेला असतो. त्याला गेरूनं रंगवलेला कागद आणि पांढरा खडू द्या, म्हणजे ठळक उमटायचं समाधानही मिळेल आणि रंगही बदलेल. एवढं मात्र तपासा. लाल आणि हिरव्या वस्तू त्याला वेगवेगळ्या करता येतात का, ते खेळाखेळात बघा. तो फरक न दिसणं मुलींपेक्षा मुलग्यांत बरंच जास्त आढळतं. तसं वाटलं तर पालकांना डोळे तपासून घ्यायला सांगा. बाकी त्याचं काळं चित्र कसं आहे, हे तुम्ही लिहिलंच नाहीत. चांगलं असणार, असा माझा कयास.

वारलीचं. वरून आलंय, म्हणजे भिंत रंगणार. मग निदान पोरांना एवढं सांगून रंगवा की हे चित्र पालघरकडच्या वारल्यांच्या घरातलं आहे. तिथे लग्नाच्या वेळी सवाशिणी गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं चौक काढतात आणि त्यात पालघट देवी असते. जिव्या सोमा म्हसे यांनी ते चित्र भिंतीवरून कागदावर आणलं आणि जगभर पोचवलं, त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. तिथून त्रिकोणी माणसं आणि तारपा हे त्यांचं फुंकवाद्य उचलून माणच्या भिंतीवर चिकटवले की तोही एक नारळच झाला. त्यांच्याकडून रीत घ्या : गेरूची पाठ, एक पांढरा रंग, थोड्या आकारांत माणूस. त्या रीतीनं आपलं काढा. तुमच्या वस्तीवर धनगरवाडा असेलच. ढोलाभोवती गजी नाचणारे धनगर फिरतात ते कोणी काढलंय? मेंढरं कोंडायची जाळी म्हणजे वाघर, टँकरची रांग, बेंदराची मिरवणूक. विचारायला कोणी आलं तर ‘वारली पद्धतीनं आमचं गाव’ म्हणा, मागणारा खूश होईल. आणि भिंतीचा खालचा पट्टा, पोराच्या हाताला पुरेल एवढा, पोरांचाच ठेवा. वरच्या पट्ट्यात तुम्ही मोठ्यांनी काय ते करा.

स्पर्धेचं एवढंच. चित्राच्या खाली मुलाला त्याच्याच शब्दांत एक ओळ लिहू द्या, पहिलीतलं असेल तर सांगेल तशी तुम्ही लिहा. ‘ह्या आमच्या सात शेळ्या, घराच्या मागं.’ मग परीक्षकालाही कळतं की त्या आकाशात नाहीत. तरी नंबर नाही आला तर नाही. कोणी पालक चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांचं आत्तापासून विचारत असतील तर सांगा, त्या परीक्षा माध्यमिकच्या मुलांच्या आहेत, तिथलं संकल्पचित्र आणि अक्षरलेखन दुसरीच्या पोराला घोटवायचं काही कारण नाही.

आणि यंदाची सहल औंधला न्या. तुमच्या शेजारच्याच तालुक्यात, यमाईच्या डोंगराच्या वाटेवर भवानी संग्रहालय आहे. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रं काढायचे, सूर्यनमस्कारांमुळे आपण त्यांना ओळखतो ते निराळं. त्यांनी १९३८ साली ते उभं केलं. राजा रविवर्म्याची मूळ चित्रं तिथे आहेत, हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचं आई-मुलाचं छोटं दगडी शिल्प आहे. मोठमोठ्या शहरांतल्या मुलांच्या नशिबी नाही ते तुमच्या पोरांना एसटीच्या तिकिटात बघायला मिळेल. सगळं दाखवू नका. रांगेतून फिरवून बाहेर काढलं की मुलांच्या लक्षात फक्त आइस्क्रीमवाला राहतो. तीन चित्रं निवडा, प्रत्येकासमोर खाली बसवा आणि एकच काम द्या : या बाईचे हात बघा, ते काय करतायत? मग मूरच्या त्या आईकडे न्या. तिला चेहरा नीट नाही, हात नीट नाहीत. ‘हे कोणी नीट का नाही केलं?’ असं पोरं विचारतील. तुम्ही त्यांनाच विचारा.

राहिली ती मुलगी. तिला समजावत बसू नका, सात वर्षांच्या पोरीला मोठ्यांची दिलगिरी अवघड वाटते. एकदा सरळ सांगा, ‘तुझ्या शेळ्या मी खोडल्या, ते चुकलं माझं.’ एवढंच, वर्गासमोर नको. मग एखाद्या दिवशी शाळा सुटल्यावर तिच्याबरोबर तिच्या घरी जा. मागच्या बाजूला जाऊन शेळ्या बघा. नावं विचारा, कोणती मारकी आहे, कोणती गाभण आहे ते विचारा. चित्राचा विषयही काढू नका. दुसऱ्या दिवशी तासाला तिच्यासमोर कागद ठेवा आणि पुढच्या बाकाकडे निघून जा. ती काढेल किंवा नाही काढणार. पण कागद मोठा ठेवा. एखादं करडू झालेलं असेल एव्हाना.